लोबेरांनी जाहूला मैदानावर का ठेवले?

१७ मार्च २०१९, मुंबई. आयएसएलच्या अंतिम सामन्यात ९० मिनिटांनंतरही गोवा व बेंगळुरू यांची गोलकोंडी फुटली नव्हती. जादा वेळेत, आधीच एक पिवळे कार्ड घेतलेल्या अहमद जाहूला दुसरे मिळाले. दहा जणांचा गोवा ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर हरला. हेडर राहुल भेकेचा, म्हणजे मुंबईकराचाच!

प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी जाहूला वेळीच बाहेर का बोलावले नाही, हा प्रश्न रास्त होता. परंतु संघाचा खेळ ज्याच्या पायांतून सुरू होई, त्यालाच काढल्यावर उरले काय असते?

जानेवारी २०२०मध्ये, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना, गोव्याने लोबेरांना पदावरून दूर केले. पुढच्याच मोसमात त्यांनी मुंबई सिटीला विजेतेपद मिळवून दिले. त्या संघातही जाहू होताच.