त्र्यस्र रंगमंडप

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत नाट्यगृहाचे तीन आकार सांगितले आहेत: विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र, म्हणजे लांबट, चौरस आणि तिकोनी. यांपैकीं पहिले दोन आपल्या नित्य पाहण्यांतले आहेत. तिकोनी जागेंत गाणेंबजावणें कसें रंगतें, हें मात्र आम्हांस प्रत्यक्ष अनुभवावयास मिळालें तें न्यूयॉर्क शहरीं, एका तळघरांत.

थोरल्या चिरंजीवांकडे न्यू जर्सींत आमचा मुक्काम असतां नातू आम्हांस तेथें घेऊन गेला. स्थळाचें नांव व्हिलेज व्हॅन्गार्ड. मॅनहॅटन बेटाचे बहुतेक रस्ते १८११ सालच्या आराखड्यानुसार बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनांत आखलेले आहेत. ग्रिनिच व्हिलेज ही वस्ती त्याहून जुनी, म्हणून तेथील गल्ल्या आपल्या पेठांतील बोळांप्रमाणें वाटेल तशा वळतात. १९१० नंतरच्या दशकांत सातवा ॲव्हेन्यू हा हमरस्ता दक्षिणेकडे वाढविण्यांत आला, तो या वस्तीस चिरीत गेला. घरें पडलीं आणि रस्त्याच्या कडेस पाचरीसारखे तुकडे उरले. अशाच एका तुकड्यावरील इमारतीच्या तळघरांत मॅक्स गॉर्डन यांनीं १९३५ सालीं आपला अड्डा थाटला. आरंभीं तेथें काव्यवाचन व लोकगीतें होत. १९५७ च्या सुमारास ती जागा जॅझ संगीतास वाहिली गेली.

नातू गिटार शिकतो. निघण्यापूर्वीं त्यानें आम्हांस केनी बरेल या वादकाचा ‘ए नाइट ॲट द व्हॅन्गार्ड’ हा ध्वनिमुद्रित संग्रह ऐकविला. तो याच तळघरांत, १९५९ च्या सप्टेंबर महिन्यांत, श्रोत्यांसमक्ष मुद्रित झाला. डेट्रॉइट येथें १९३१ सालीं जन्मलेले बरेल तेव्हां अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. साथीस दोघेच: खर्जाच्या उभ्या बासवर रिचर्ड डेव्हिस आणि ड्रमवर रॉय हेन्स. पियानो नाहीं, हें विशेष. कारण एरवीं स्वरांची बैठक तो घालून देतो. येथें सुरावट आणि बैठक या दोहोंचा भार एकट्या गिटारवर. बरेल एक लकेर घेतात, दोनचार स्वर एकत्र छेडतात आणि पुढची जागा मोकळी सोडतात. ती मोकळी जागाही ऐकावयाची असते.

यांतील ‘सॉफ्ट विंड्स’ ही बेनी गुडमन यांची रचना ब्लूज पद्धतीची आहे. बारा खंडांचें एक आवर्तन, प्रत्येक खंडांत चार मात्रा. आवर्तन सरलें कीं पुन्हा पहिल्यापासून, आणि दर फेरीस वादकानें कांहीं नवें बोलावयाचें. ठेक्यावर ख्याल ऐकलेल्या माणसास हें परकें वाटूं नये.

आम्ही गेलों त्या रात्रीं एक तरुण त्रयी वाजवीत होती. अरुंद, उभ्या जिन्यानें खालीं उतरलों. जागा जेमतेम सव्वाशे माणसांची. निमुळत्या टोकाशीं रंगपीठ, समोर दाटीनें मांडलेलीं लहान मेजें. खाद्यपदार्थ मिळत नाहींत. मुदपाकखान्याची खोली कलावंतांच्या विश्रांतीस दिलेली आहे. वादन चालूं असतां बोलावयाचें नाहीं, मोबाइल काढावयाचा नाहीं, चित्रें घ्यावयाचीं नाहींत. आम्हीं नातवास कांहीं विचारावयास तोंड उघडलें, तों त्यानें आमच्या हातावर हात ठेवला. मध्यंतरांत म्हणाला, “आजोबा, आतां विचारा.” तोंवर प्रश्नच उरला नव्हता.

मंडप फार मोठा असूं नये, तसा असल्यास शब्द स्पष्ट ऐकूं येत नाहींत, असें भरतमुनि बजावतात. आणि पुढें उत्तम प्रेक्षकाचीं लक्षणेंही सांगतात. दोन्ही गोष्टी या तळघरांत एकत्र आल्या आहेत. बरेल यांच्या मुद्रणांत जी नाजुकता आहे, तींत वादकाच्या बोटांइतकाच त्या श्रोत्यांचाही वांटा आहे. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें येथील दारें श्रोत्यांस बंद झालीं, तीं २०२१ च्या सप्टेंबरांत उघडलीं. मधल्या काळांत रिकाम्या दालनांतून वादन प्रक्षेपित होत असे. स्वर पोंचत होते. पण ते झेलणारें समोर कोणी नव्हतें.

ही जागा टिकली कशी? १९८९ मध्यें मॅक्स गॉर्डन वारले. त्यांच्या पत्नी लोरेन यांनीं कारभार हातीं घेतला व २०१८ सालीं निधन होईपर्यंत ती जागा सांभाळली. त्यांच्यामागून कन्या डेबोरा यांनीं ती पुढें चालविली. सारांश, एका कुटुंबानें ती राखिली.

हें लिहिण्यास कारण आहे. आमचा वाडा आतां पाडावयाचा आहे. त्याच्या दिवाणखान्यांत गणेशोत्सवांत पन्नास-साठ माणसें मांडीस मांडी लावून गाणें ऐकत. नव्या इमारतीच्या नकाशांत उद्वाहक आहे, वाहनतळ आहे, प्रत्येकाचें स्वतंत्र बिऱ्हाड आहे. सर्वांनीं एकत्र बसून ऐकावें अशी खोली मात्र नाहीं. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशी एक खोली सामाईक ठेवावी, असें आम्हीं सुचविलें आहे. धाकट्या बंधूंचें म्हणणें, तेवढ्यांत दोन गाड्या राहतील. हिशेब बिनचूक आहे. दसऱ्यास सर्व मंडळी जमतील तेव्हां निर्णय व्हावयाचा आहे. ज्या घरांपुढें आज ना उद्यां हाच प्रश्न येणार आहे, त्यांनीं नकाशावर सही करण्यापूर्वीं तेवढी एक खोली मागून पाहावी. तिकोनी तुकडा उरला असेल, तरी चालेल.