शेततळ्याचा हिशेब

मार्च २०२४ मध्ये काही आठवडे मी बंगळुरूला, व्हाइटफील्ड येथे मुलीकडे होतो. पहाटे साडेपाचला टँकरच्या आवाजाने जाग येई. आदल्या वर्षी पावसाने ओढ दिल्यामुळे संकुलातील बोअर आटली होती. टँकर कोठून भरतो, असे मी पहारेकऱ्याला विचारले. त्याने पूर्वेकडे हात केला आणि म्हणाला, "तिकडच्या शेतांतून, सर. नाचणीपेक्षा पाण्याला भाव चांगला आहे."

व्हाइटफील्ड ही मुळात शेतीसाठी वसवलेली वसाहत. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी सुमारे ३,९०० एकर जमीन अँग्लो-इंडियन कुटुंबांना शेती करण्यासाठी दिली, आणि डी. एस. व्हाइट यांच्यावरून गावाला नाव मिळाले. आज तेथे शेत शोधावे लागते. असो.

पहारेकऱ्याच्या उत्तराने मला माझी नोकरी आठवली. २०१६ मध्ये महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली, तेव्हा मी मराठवाड्यातील एका तालुक्यात होतो. योजनेमागचा विचार चांगलाच होता. हवामान बदलले म्हणजे पाऊस केवळ कमी होतो असे नव्हे. तो थोड्या दिवसांत धो धो पडतो आणि मग तीन-तीन आठवडे खंड देतो. धो धो पावसात शेतातून वाहून जाणारे पाणी तळ्यात अडवायचे आणि ऐन दाणे भरण्याच्या वेळी पिकाला एक-दोन संरक्षित पाणी द्यायचे. कोरडवाहू सोयाबीन वा तूर तेवढ्यावर तरून जाते.

आमच्या तालुक्याचे उद्दिष्ट मुदतीपूर्वी पूर्ण झाले. एका पाहणीत कडेला फळबाग असलेले, प्लास्टिकचे अस्तर घातलेले एक तळे काठोकाठ भरलेले दिसले. पाऊस तर झालेला नव्हता. शेजारचा एक वयस्क शेतकरी मला म्हणाला, "साहेब, तळं पावसानं भरायचं असतंय का बोअरनं?" जमिनीखालचे, सर्वांच्या वाट्याचे पाणी उपसून ते उन्हात उघडे ठेवले होते. त्यातले काही वाफ होऊन जाई. प्लास्टिकमुळे एक थेंबही परत मुरत नसे. शेजाऱ्याच्या विहिरीने मात्र फेब्रुवारीतच तळ गाठला होता. बागाईतदाराला दोष देता येईना. त्याच्या जागी मीही तेच केले असते. अहवालात तळे 'पूर्ण' या रकान्यात होते. पाणी कोठून आले, याला रकानाच नव्हता. मी सही केली.

आपल्याकडे तंत्राची वाण नाही. रुंद वरंबा सरी आहे, ठिबक आहे, कमी दिवसांत येणारे वाण आहेत. उपशाचा हिशेब मात्र नाही, आणि त्याविना यातले प्रत्येक साधन एकाला वाचवते व दुसऱ्याला बुडवते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव आपण बंधारे आणि झाडे यांसाठी घेतो. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतर त्या गावाने याहून अवघड गोष्ट केली. शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी, ऊस-केळीला नकार, आणि दरवर्षी पाऊस मोजून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवणे. खोल विहिरींना प्रतिबंध करणारा राज्याचा भूजल कायदाही २०१४ पासून अमलात आहे. पण शेजाऱ्याला थांबवायचे ते शेजाऱ्यानेच. तहसीलदार किती बोअरवर पहारा ठेवणार?

निवृत्त अधिकारी म्हणून संकुलाच्या सभेला मलाही बोलावले होते. आपण रोज किती पाणी उपसतो, असे मी विचारले. कोणालाच सांगता आले नाही. मग बाराशे फूट खोल नवी बोअर घेण्याचा ठराव एकमताने संमत झाला. मी पाहुणा असल्याने मला मत नव्हते.