सुट्टी कोणाला?

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली. आम्ही साताऱ्यात, आई सांगलीत. मध्ये जिल्ह्याची बंद हद्द. 14 एप्रिलची जयंती घरातच साजरी केली. आईशी फोनवरच जयभीम झाला. ऑफिस बंद, शाळा बंद. रेशनवर माणशी 5 किलो मोफत तांदूळ मिळू लागला, पण शिजवणारे हात तेच. पत्नीचे काम दुप्पट झाले.

20 ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी सुरू झाली आणि आईला साताऱ्याला आणले. डिसेंबरात निर्बंध सैल होते. कराडवरून कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणमार्गे आम्ही दोन दिवस गुहागरला गेलो. जन्मभर लोकांची धुणीभांडी केलेल्या आईने साठीनंतर प्रथमच समुद्र पाहिला. सासू-सून वाळूत नुसत्या बसून राहिल्या.

"आज भाकरी थापायची न्हाई, सूनबाई," आई हसून म्हणाली.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1946 साली, कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. घरातल्या कष्टकरणीचे तास मात्र कुणी मोजलेच नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे रविवारचा स्वयंपाक मी आणि मुलगा करतो. बांधवांनो, समुद्र लांब असेल. चूल तर घरातच आहे.