मोहाखालची राख

गतवर्षी चैत्रात पेंच परिसरातील रानवाटेने जाताना मोहाखालची जमीन जळून काळी पडलेली दिसली. आम्ही मनोमन गावकऱ्यांना दोष दिला. तेथेच फुले वेचणारी एक वृद्धा म्हणाली, "पाचोळ्यात फूल दिसत नाही जी, भाऊ!" पहाटे गळणाऱ्या त्या फुलांवरच तिची चूल पेटते.

वणवे रोखण्यासाठी २०१७-१८ पासूनच्या योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के भार उचलते. जाळरेषा काढल्या जातात. त्याच निधीतून तिच्या झाडाखाली एखादी जाळी अंथरली गेली, तर काडी ओढण्याची गरजच उरणार नाही.

रान जळाले की उघडी माती पावसासवे जलाशयात उतरते. आणि नागपूरची तहान बहुतांशी भागते ती पेंचच्या पाण्याने. नळ उघडताना आता आम्हांला ती वृद्धा आठवते, आणि आपण दिलेला दोषही.