पायाखालचे लाकूड

मराठवाड्यातील जुन्या घरांत जमीन दोन प्रकारची असे. खालची शहाबादी फरशीची किंवा शेणाने सारवलेली, वरची लाकडाची. धाराशिवच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांच्या वाड्यांत पुढे दुकान, मागे कोठार आणि वर माडी. माडीला सागवानी तुळया, त्यांवर कड्या आणि कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. घर केवढे हे चौरस फुटांत कुणी सांगत नसे. 'नऊ खणांचे', 'बारा खणांचे' असे सांगत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. लाकूड हेच घराचे माप होते.

अशाच एका भुसार व्यापाऱ्याच्या वाड्यात एक बाई लग्न होऊन आल्या आणि एकेचाळीस वर्षे माडीवर राहिल्या. घरात सगळे त्यांना बाईच म्हणत, मुलगाही. पती गेल्यानंतर दोन वर्षांनी वाटण्या झाल्या. वाडा पाडून तेथे गाळे काढायचे ठरले, तो भाग दिराकडे गेला आणि बाईंच्या वाट्याला रोख रक्कम आली. मुलगा पुण्यात सनदी लेखापाल. त्याने बाईंना नेण्याचा आग्रह धरला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "गार फरशीवर माझ्याने सामायिक होणार नाही रे." दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली होती. लोकरीचे आसन कितीही जाड असले तरी अठ्ठेचाळीस मिनिटांत गारठा वर येतोच. मुलाने शब्द दिला, "बाई, लाकडाच्या जमिनीचेच घर घेतो." त्या शब्दावर बाईंनी होकार दिला.

हा हट्ट निव्वळ गारठ्यापायी नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूरप्रमाणे याच जिल्ह्यातील उमरगा आणि लोहारा भागांतील गावेही उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाच्या मातीचा बोजा. झोपलेली माणसे त्याखाली गेली. तरी काही घरांत भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि त्याच्या आडोशाने जीव वाचले. ढिगाऱ्यातले सागवान लोकांनी पुढे नव्या गावांत नेले. धाराशिवच्या त्या माडीवरही त्या रात्री तुळया करकरल्या, भांडी पडली. माडी मात्र हलली नाही. बाईंची लाकडावरची श्रद्धा तेव्हापासूनची.

पुण्यात शोध सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मुलाला कळले की 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून दलाल दाखवतात त्यांपैकी बहुतेकांत लाकडाची फळी नसतेच. लाकडाच्या तंतूंचा चुरा राळेत दाबून केलेला पत्रा, त्यावर लाकडाच्या रेषांचे छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक कडक थर. जाडी आठ किंवा बारा मिलिमीटर. पाणी मुरले की कडा फुगतात आणि चित्र झिजले की घासून नवे करता येत नाही. व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा. त्याने बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, आवाज पोकळ आला. धान्यात खडे मिसळलेले पोते हाताला जसे कळते, तसे त्याला ते कळले. याहून बरा प्रकार म्हणजे प्लायवुडवर खऱ्या लाकडाचा पातळ थर. तो थोड्याच घरांत, आणि तोही एका शयनगृहापुरता.

खरे सागवान शेवटी सापडले ते बोट क्लब रस्त्याच्या बाजूला, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. रुंद फळ्या, पावलांनी गुळगुळीत झालेल्या. भाडे मात्र धाराशिवच्या दुकानातील दोन मुनीम आणि चार हमालांच्या महिन्याच्या पगाराएवढे. मुलाने अनामत देण्याचे कबूल केले आणि बाईंना भाडे निम्मे सांगितले.

बाई घर पाहायला आल्या. चप्पल दाराशी काढून चारही खोल्यांतून हळूहळू फिरल्या. मग आसन घालून त्यांनी तेथेच सामायिक केले. उठल्यावर म्हणाल्या, "जमीन चांगली आहे. करारनामा दाखव."

तीस वर्षे ज्यांनी दुकानाची खतावणी लिहिली, त्यांच्यापासून आकडा लपवणे हा मुलाचा भाबडेपणाच होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. त्यात परतीच्या अनामतीवरचे दहा टक्के वार्षिक व्याजही धरतात. म्हणजे मसुद्यात भाड्याचा खरा आकडा असणारच. बाईंनी तो वाचला, मुलाकडे एकदा पाहिले आणि पुढचे पान उलटले. त्यावर अट होती : दर सहा महिन्यांनी भाडेकरूने स्वखर्चाने वाळवी व कीटकनाशक औषधाची फवारणी करून घ्यावी.

"ही अट काढतील का?"

मालकाने काढली नाही. त्याचेही चुकले म्हणता येणार नाही. जुने सागवान वाळवीला सहसा दाद देत नाही, पण फळ्यांच्या फटींत मुंग्या-झुरळे होतातच. मात्र ज्यांनी आयुष्यभर पुंजणीने जमीन पुंजूनच आसन घातले, त्यांनी त्याच जमिनीवर वर्षातून दोनदा विष ओतून घ्यायचे, हे बाईंना पटेना. शिवाय जवळचे स्थानक रिक्षाच्या अंतरावर. चातुर्मासात रोज व्याख्यानाला जायचे तर रोज कुणावर तरी अवलंबून राहायचे.

मुलाने दुसरा उपाय काढला : बिबवेवाडीच्या बाजूला साध्या फरशीचे घर घेऊन एका खोलीत मालकाच्या परवानगीने नवी सागवानी जमीन बसवू. बाईंनी तोही मोडीत काढला. पंधरा कर्मादानांत वनकर्म मोजलेले आहे आणि प्रतिक्रमणात त्याचे नाव त्या रोज घेतात. दुसऱ्याने तोडलेल्या लाकडाचा दोष आपल्याला किती, यावर त्या सविस्तर बोलू शकल्या असत्या, बोलल्या नाहीत. "माझ्या दोन गुडघ्यांसाठी झाड नको," एवढेच म्हणाल्या.

घर बिबवेवाडीलाच घेतले. भाडे त्या बंगल्याच्या एक तृतीयांश, स्थानक पायी सात मिनिटांवर, जमीन चकचकीत आणि गार.

तोवर धाराशिवचा वाडा उतरवायला घेतला होता. लाकूड घनफुटावर एका व्यापाऱ्याला दिले होते आणि सौद्याची रक्कम दिराच्या हिशेबात जमा झालेली होती. बाईंनी दिराला फोन करून माडीच्या पाच फळ्या मागितल्या, तुळशीकडच्या खिडकीखालच्या. दीर म्हणाले, "वहिनी, पाच काय, दहा घ्या. पैशाचे नाव काढू नका." बाईंनी मात्र सौद्याच्या दराने हिशेब करून रक्कम पाठवली आणि ती वहीत जमा धरायला लावली. वाटणी झाली म्हणजे झाली.

फळ्या ट्रकने आल्या. उद्वाहकात मावेनात, म्हणून हमालांनी तीन मजले जिन्याने वाहून नेल्या. सुताराने त्यांची सहा फूट लांब, तीन फूट रुंद बैठक केली, जमिनीपासून चार बोटे उंच. खाली पुंजणी फिरेल एवढी. एका फळीवर मापाचे पितळी शेर ठेवून पडलेला गोल डाग होता. रंधा मारून तो काढू का, असे सुताराने विचारले. बाईंनी नको म्हटले. जुने हातघडीचे खिळे उपसायला त्याला दीड दिवस लागला आणि मजुरी त्याने त्याचीच जास्त लावली.