सुट्टीतलं पाणी

कडोदऱ्याच्या एका प्राथमिक शाळेच्या परसबागेत मी तीन वर्षांपासून आठवड्यातून दोन सकाळी जाते. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं. सासरे मिलच्या कामासाठी सुरतेकडे आले आणि इथलेच झाले. शाळेतली बरीच मुलं अशाच घरांतली आहेत: कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं, कुणी आपल्या खानदेशातलं. वडील डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला, घर एका खोलीचं, दारात तुळशीपुरतीही माती नाही. म्हणून ही बाग मला महत्त्वाची वाटते.

पहिलं गिलकं लागलं त्या दिवशी वेलाभोवती गर्दी झाली. स्वयंपाकाच्या बेन म्हणाल्या, “गलकुं.” बिहारची एक मुलगी ओरडली, “नेनुआ!” आणि मागून एक पोरगं म्हणालं, “आमना घर बी गिलकंच म्हनतस.” वर्गात कधी तोंड न उघडणारं ते पोर त्या दिवसापासून माझ्याशी अहिराणीत बोलू लागलं.

इथली जमीन काळी, उसाची. पावसात पाय टाकवत नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाळ्यात सपाट वाफ्यांतली मेथी कुजून गेली. मग वीतभर उंच गादीवाफे केले. एका पालकांनी साखर कारखान्यातलं प्रेसमड आणून दिलं, ते शेणखतात मिसळलं. जेवणानंतर मुलं नळावर थाळ्या धुतात, ते पाणी केळी आणि अळूकडे वळवलं.

गुजरातेत शाळेतलं दुपारचं जेवण 1984 पासून आहे, आणि शाळांच्या परसबागांसाठी केंद्राने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. बियाणं मिळतं, कुदळ-फावडं मिळतं. पाणी मात्र रोज कुणीतरी घालावं लागतं, आणि झाडांना सुट्टी नसते.

हे मी पहिल्या दिवाळीत शिकले. सुरती पापडीचे वेल नेमके फुलावर आले होते. शाळेला 21 दिवसांची सुट्टी लागली, सगळे गावी गेले. मीही चलथाणहून गाडीत बसले. परतले तेव्हा वेल काड्यांसारखे वाळलेले होते. नळाजवळच्या एकाच वेलावर चार शेंगा राहिल्या होत्या. चौथीतल्या एका मुलीने त्या सोलल्या आणि बी कंपासपेटीत ठेवलं. मला काही बोलवेना.

दुसऱ्या वर्षी आम्ही सुट्टीआधी पालकांना बोलावलं. खानदेशातली घरं दिवाळीला गावी जाणारच. पण ओडिशाच्या दोन आयांनी सांगितलं, एवढ्या लांब आम्हांला दिवाळीत जाणं परवडत नाही, आम्ही इथेच आहोत. त्यांनी आळीपाळीने रोज पाणी घातलं, मावा पडलेल्या शेंड्यांवर राखही टाकली. सुट्टी संपली तेव्हा मांडव पापडीने लगडला होता. त्या आठवड्यात मुलांच्या थाळीत पापडी-वांग्याची भाजी होती, आणि त्या चौथीतल्या मुलीने, आता पाचवीतल्या, ती दोनदा मागून घेतली. त्या वेलांत तिचं बीही होतं.

उन्हाळ्याचे 35 दिवस अजून पुरते निभत नाहीत. सकाळी सातला वीस मिनिटं आणि आठ-दहा बादल्या, एवढंच काम असतं. तुमच्या गल्लीजवळच्या शाळेत अशी बाग असेल, तर सुट्टी लागायच्या आधी जाऊन फाटकाची किल्ली मागून घ्या.