न दिसणारी नळी

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या थोरल्या बंधूंकडे १९७२ सालची एम.जी.बी. ही स्पोर्ट्स मोटार आहे. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ह्या गाड्या घडल्या. तिच्या रंगाचे, चाकांचे कौतुक सारेच करतात; पेट्रोल वाहून नेणाऱ्या नळ्यांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

सप्टेंबर २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते, तडकते. या गाडीचे कार्ब्युरेटर तापणाऱ्या एक्झॉस्टच्या वरच बसवलेले. तेथे पेट्रोल गळले, तर आगीला निमंत्रणच!

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयतांनी बॅटरीची तार सोडवली, टाकी रिकामी केली आणि टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदलली. नव्या नळ्या इथेनॉलला दाद न देणाऱ्या घेतल्या, क्लिपाही नव्या आवळल्या. काढलेली एक नळी वरून अगदी धडधाकट दिसत होती. ती वाकवली मात्र, भेगा उघड्या पडल्या!

माणूस जीव लावतो तो दिसणाऱ्या वस्तूंवर. जीव सुरक्षित राहतो तो न दिसणाऱ्या वस्तूंची निगा राखल्याने. पंप चालू करून आम्ही प्रत्येक सांध्यावर कागद फिरवला. तो कोरडाच राहिला. मगच बंधूंनी नातीला शेजारच्या आसनावर बसवले.